दोघांच्या वाटेवरचा तिसरा

उष्ण कटिबंधातील घनदाट अरण्य, त्याला लागूनच पसरलेला निर्मनुष्य समुद्रकिनारा आणि त्यातून पाठीवर सॅक घेऊन चाललेले एक जोडपे, हे चित्र गेल्या अर्धशतकात पर्यटनाच्या जगात इतके रुळले आहे की, त्यात काय वगळले आहे इकडे सहसा कोणाचे लक्षच जात नाही. पाठीवर मावेल एवढेच सामान, बेताचा पैसा, आगाऊ ठरवलेल्या मुक्कामांना फाटा आणि मिळेल त्या सार्वजनिक वाहनाने किंवा पायी केलेला लांबचा प्रवास, या पद्धतीला बॅकपॅकिंग म्हणतात, आणि तो प्रवास जोडप्याने केला की त्याला साहसाबरोबरच एकांताचाही रंग चढतो. त्या चित्रात दोन माणसे असतात आणि निसर्ग असतो. वाट दाखवणारा, होडी चालवणारा, खानावळ सांभाळणारा, जंगलाची राखण करणारा किंवा त्याच किनाऱ्यावर जन्मून वाढलेला जो तिसरा माणूस तिथे असतोच असतो, तो मात्र चौकटीबाहेर राहतो. दोघांच्या या साहसाचा सारा भार ज्यावर पडतो तो आधार म्हणजे हा तिसराच होय. जिथे त्याचे स्थान कायद्याने, मोबदल्याने आणि प्रवाशांच्या समजुतीने मान्य झाले तिथे अरण्य आणि किनारा बऱ्याच अंशी टिकले, आणि जिथे त्याला गृहीत धरले गेले तिथे दोन्ही संकटात आले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या देशाचे. निकाराग्वा आणि पनामा यांच्यामध्ये वसलेला, एका बाजूला प्रशांत महासागर आणि दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र असलेला हा देश आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम एक षष्ठांश आहे, आणि अरण्य व किनारा एकाच फेरीत पाहू इच्छिणाऱ्या जोडप्यांचा तो जगभरातला एक आवडता मुक्काम आहे.

बॅकपॅकिंगचा इतिहास पाहू गेले तर त्याच्या मुळाशीही एक जोडपेच सापडते. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे नवविवाहित दांपत्य १९७२ साली लंडनहून एका जुन्या मोटारीतून निघाले, अफगाणिस्तानात ती मोटार विकून पुढे बस, रेल्वे आणि बोटीने मजल दरमजल करीत ऑस्ट्रेलियाला पोहोचले, आणि लोक पुन्हा पुन्हा विचारू लागले म्हणून त्यांनी १९७३ मध्ये ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ ही छोटी पुस्तिका स्वतःच छापून काढली. लोनली प्लॅनेट ही प्रवासमार्गदर्शकांची प्रकाशनसंस्था त्यातूनच उभी राहिली. त्याच सुमारास, म्हणजे १९७२ मध्ये, एरिक कोहेन या समाजशास्त्रज्ञाने पर्यटकांचे चार प्रकार सांगितले होते. सर्व सोयी विकत घेऊन गटाने फिरणारा आणि त्याच सोयी वापरून एकट्याने फिरणारा हे पहिले दोन, आपला मार्ग आपणच आखणारा हा तिसरा, आणि कुठलाही बेत न आखता स्थानिकांत मिसळून भटकणारा हा चौथा. या चौथ्या भटक्याला प्रस्थापित पर्यटनव्यवसायाशी काहीही देणेघेणे नसते, असे मानले जाई. व्यवहारात घडले ते नेमके याच्या उलट. भटक्याने शोधलेली स्वस्त खोली मार्गदर्शकात छापली जाते, छापलेल्या खोलीकडे दुसरे भटके येतात, त्यांच्यामागून उपाहारगृह, त्यामागून पक्का रस्ता आणि अखेर मोठे हॉटेल येते. ज्या पर्यटनापासून दूर पळण्यासाठी भटका निघालेला असतो, त्याच पर्यटनाची पायवाट तो पाडत जातो. एकट्या भटक्यापेक्षा जोडपे या कामी अधिक उपयोगी पडते, कारण खोलीचे भाडे, होडीची फेरी, जेवणाचे ताट आणि तंबूची जागा या सगळ्यांचा हिशेब दोघांच्या मापाने सहज बसतो, आणि किनाऱ्यावरच्या गावांतील घरमालक आपल्या पडवीची खोली करतो तीही दोघांसाठीच.

दोन माणसांच्या गटाचे स्वरूप काय असते, याची सखोल मीमांसा गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने १९०८ च्या आपल्या समाजशास्त्रविषयक ग्रंथात केली आहे. त्याच्या मते दोघांचा गट हा संख्येने लहान तर असतोच, पण तो जातीनेच वेगळा असतो. त्यात बहुमत नसते, जबाबदारी ढकलायला दुसरे कोणी नसते, आणि एकाने पाठ फिरवली की गटच संपतो. त्यामुळे त्याला एक विलक्षण जवळीक लाभते आणि तितकीच विलक्षण नाजूकताही. त्यात तिसरा माणूस आला की सगळे गणितच बदलते. तो मध्यस्थ होऊ शकतो, दोघांच्या भांडणात आपला लाभ साधू शकतो, आणि निदान दोघांना बाहेरच्या जगाची आठवण तरी करून देतो. प्रवासात ही मीमांसा फार ठळकपणे प्रत्ययास येते. घरी जोडप्याभोवती नातेवाईक, शेजारी, कचेरी अशी असंख्य तिसरी माणसे असतात आणि त्यांच्या वावरामुळे दोघांतले ताण वाटले जातात. परमुलखात, अनोळखी भाषेत, ओल्या कपड्यांत आणि संपत आलेल्या पैशांत मात्र थकवा कोणावर काढायचा आणि चुकलेल्या वाटेचा दोष कोणाला द्यायचा, या प्रश्नांना एकच उत्तर उरते. अशा प्रवासात जोडपी एकतर फार जवळ येतात किंवा फार दूर जातात, हा सर्वसाधारण अनुभव या रचनेतूनच येतो. एकांताची ओढ आणि एकांताचे ओझे अशा प्रवासात एकाच सॅकमध्ये भरलेले असते, आणि म्हणूनच तिसऱ्याची गरज जोडप्यालाही भासते, मग ते ती कबूल करो वा न करो.

ही गरज सर्वाधिक जाणवते ती वर्षावनात. वर्षावन म्हणजे जिथे वर्षभर उष्णता आणि आर्द्रता टिकून राहते, पाऊस बहुतेक सर्व महिन्यांत पडतो आणि झाडे एकाच ऋतूत निष्पर्ण होत नाहीत असे बहुस्तरीय सदाहरित अरण्य. नुसता पावसाचा आकडा पाहून ते ओळखता येत नाही. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, कोस्टारिकाच्या नैर्ऋत्येकडील ओसा द्वीपकल्पात तो त्याहून कमी, म्हणजे चार-पाच हजार मिलिमीटर असतो. पण आंबोलीचा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळून जातो आणि मग झाडांना दीर्घ कोरडा काळ सोसावा लागतो, तर ओसात जानेवारी ते मार्च हे त्यातल्या त्यात कोरडे महिने सोडले तर पावसाला फारसा खंड नसतो. परिणामी तिथे झाडांची छपरे एकावर एक अशी चढत जातात आणि जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा अगदी अल्प अंश पोहोचतो. उथळ मातीत उभे राहण्यासाठी मोठ्या वृक्षांच्या बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळे फुटलेली असतात आणि पायवाट त्यांना वळसे घालीत जाते. ती इतकी अरुंद असते की दोघांना एकामागे एक चालावे लागते, पुढच्याची पाठ हेच मागच्याचे दृश्य होते आणि बोलणे आपोआप थांबते. किनाऱ्यावर उतरल्यावर दोघे पुन्हा शेजारी येतात आणि संवाद सुरू होतो. अरण्य आणि किनारा यांची जोडी जोडप्यांना का भावते, याचे एक साधे शारीरिक कारण या चालीतच आहे.

वर्षावन पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुधा निराशाच होते. सचित्र पुस्तकांत एका पानावर दहा प्राणी असतात. प्रत्यक्षात तासभर चालूनही पाने, घाम आणि आवाज यांपलीकडे काही हाती लागत नाही, कारण जीवसृष्टीचा मोठा भाग माथ्यावरच्या छपरात असतो आणि जमिनीवरचा भाग दडून राहण्यातच वाकबगार असतो. इथे वाटाड्याचे काम सुरू होते. ओढ्याकाठच्या चिखलात उमटलेला ठसा तो वाकून दाखवतो. पुढच्या पायाला चार बोटे आणि मागच्या पायाला तीन, म्हणजे हा टॅपिर, रानडुकराच्या अंगलटीचा पण घोडा-गेंड्यांच्या कुळातला, लवचीक सोंडेसारख्या नाकाचा प्राणी. ठशाच्या कडा अजून ढासळलेल्या नाहीत, त्यात पाणी भरलेले नाही, म्हणजे जनावर थोड्याच वेळापूर्वी इथून गेले. मग तो तिकाटण्यावरची दुर्बीण रोखतो आणि इतका वेळ वाळलेल्या पानांचा झुबका वाटत असलेली गोष्ट म्हणजे झोपलेला स्लॉथ असल्याचे दोघांना कळते. अशा वेळी तिसऱ्याच्या डोळ्यांवाचून दोघांच्या डोळ्यांना अरण्य दिसतच नाही, हे मान्य करावे लागते.

ओसा द्वीपकल्पावरील कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात २०१४ पासून अधिकृत वाटाड्याविना प्रवेश मिळत नाही. सुमारे सव्वाचारशे चौरस किलोमीटरच्या या उद्यानात दक्षिणेकडील ला लेओनापासून सिरेना येथील वनठाण्यापर्यंतची वाट बरीचशी किनाऱ्याने जाते, तिच्यावर नद्यांची मुखे ओलांडावी लागतात, आणि ती ओहोटीची वेळ साधूनच ओलांडायची असतात. सिरेना नदीच्या मुखाशी तर मगरी आणि बुल शार्क दोन्हींचा वावर असतो. सक्तीच्या नियमावर स्वातंत्र्यप्रिय भटक्यांनी नाराजी दाखवली नसती तरच नवल, कारण दोघांच्या एकांतात पैसे मोजून तिसरा घ्यायचा ही कल्पनाच त्यांच्या साहसाच्या व्याख्येत बसत नाही. या नाराजीचे उत्तर त्या भूमीच्या इतिहासात आहे. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष दानिएल ओदुबेर यांच्या कारकिर्दीत हे उद्यान घोषित झाले. १९८० च्या दशकाच्या मध्याला जवळच्या गोल्फितो भागातून अमेरिकन केळी कंपनीने आपला गाशा गुंडाळला, शेकडो मजूर बेकार झाले आणि त्यांपैकी अनेक जण कोर्कोवादोच्या नद्यांत सोन्याचे कण गाळून पोट भरू लागले. नदीकाठ उकरले गेले, गाळाने पाणी गढूळ झाले, शिकार वाढली आणि १९८६ मध्ये सरकारने या सोनगाळ्यांना उद्यानाबाहेर काढले. अरण्य वाचले, पण माणसे उघड्यावर आली. पुढे उद्यानाच्या सीमेवरील दोस ब्रासोस या जुन्या सोनगाळ्यांच्या गावातील काही कुटुंबे प्रवाशांना रानवाटा आणि सोने गाळण्याची रीत दाखवून उत्पन्न मिळवू लागली. ज्या हातांनी नदी उकरली त्याच हातांना राखणीत वाटा मिळाला, तेव्हाच राखणीला काही भवितव्य आले. वाटाड्याचे शुल्क या दृष्टीने पाहिले तर ते जोडप्याच्या स्वातंत्र्यावरचा कर ठरत नाही. अरण्य न तोडल्याबद्दल तिथल्या माणसाला मिळणाऱ्या थोड्या मोबदल्यांपैकी तो एक ठरतो.

अरण्य आणि किनाऱ्याचे जे ‘अस्पर्श’ रूप दोघांना हवे असते, तेही किती फसवे असते याचे एक उदाहरण याच वाटेवर सापडते. कोर्कोवादोच्या किनाऱ्यावर लाल मकाव पोपटांचे थवे ज्या झाडावर हमखास दिसतात आणि ज्याची कठीण फळे ते चोचीने फोडून टरफलांचा सडा वाळूत पाडतात, ते झाड म्हणजे आपल्याकडे शाळांच्या आवारात आणि कोकणातल्या बंदरांवर सावलीसाठी लावले जाणारे, रुंद पानांचे आणि आडव्या फांद्यांचे जंगली बदामाचे झाड होय. ते मूळचे आशियातील उष्ण किनाऱ्यांचे. अमेरिका खंडात ते माणसाने नेले. निर्मनुष्य निसर्गाचे प्रतीक म्हणून ज्याचे छायाचित्र काढले जाते, त्या दृश्यातही अशा रीतीने माणसाचा हात आहे. अरण्य हे माणसाच्या अनुपस्थितीतून तयार होते ही कल्पना युरोप-अमेरिकेतील शहरी मनाची आहे. प्रत्यक्षात ते कोणी काय तोडले, काय लावले, काय सोडून दिले आणि काय राखले, या दीर्घ व्यवहारातून घडत आलेले असते.

राखण्याच्या या व्यवहारातही एक जोडपेच अग्रभागी होते, आणि व्हीलर दांपत्याशेजारी त्याला उभे केले की प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. स्वीडनचे ओलोफ वेसबेर्ग आणि डेन्मार्कच्या कारेन मोगेन्सेन हे दांपत्य साधे, फळांवर भर असलेले जीवन जगता यावे म्हणून १९५५ मध्ये कोस्टारिकाच्या निकोया द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या मोंतेसुमा या किनारी वस्तीत येऊन स्थायिक झाले. भोवतालचे रान शेती आणि गुरांच्या कुरणांसाठी झपाट्याने तुटत होते. काबो ब्लान्को या भूशिरावरचे उरलेसुरले जंगलही जाणार असे दिसताच वेसबेर्ग यांनी परदेशातील निसर्गप्रेमी संस्थांना आवाहने करून पैसा उभा केला, सरकारदरबारी खेटे घातले आणि १९६३ मध्ये तिथे निरपेक्ष निसर्गराखीव क्षेत्र स्थापन झाले. निरपेक्ष याचा अर्थ असा की, तिथे शेती, शिकार, तोड तर नव्हतीच, पण प्रवाशांनाही तेव्हा प्रवेश नव्हता. कोस्टारिकात राष्ट्रीय उद्यानांची यंत्रणा उभी राहण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. पुढे कोर्कोवादोच्या रक्षणासाठी वेसबेर्ग ओसात गेले असता १९७५ मध्ये तिथेच त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी ते उद्यान घोषित झाले. कारेन १९९४ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, मोंतेसुमातच राहिल्या आणि त्यांची जमीनही संरक्षणासाठीच दिली गेली. परदेशातून अरण्यात आलेले हे दांपत्यही आरंभी दोघांचाच विचार करून आले होते. मात्र आपण जिथे राहतो त्या जागेचे आपण काही लागतो, हे ध्यानात आल्यावर ते स्वतःच तिसऱ्याच्या, राखणदाराच्या जागी जाऊन उभे राहिले. व्हीलर दांपत्याने वाटा उघडल्या, वेसबेर्ग दांपत्याने एक वाट बंद केली. आज पाठीवर सॅक घेऊन निघणारे प्रत्येक जोडपे या दोन्ही परंपरांचे वारसदार आहे, पण त्याला सहसा पहिलीच ठाऊक असते.

काबो ब्लान्को बंद ठेवण्याचा परिणाम काय झाला, हे आज तिथे चालत जाऊन पाहता येते, कारण १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा काही भाग मर्यादित स्वरूपात खुला झाला. प्रवेशद्वारापासून किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या वाटेला ‘स्वीडिश वाट’ आणि जवळच्या छोट्या वळसावाटेला ‘डॅनिश वाट’ अशी नावे आहेत, आणि ज्या रानातून ती जाते त्याचा बराच भाग म्हणजे एकेकाळची कुरणे आणि शेते होत. माणसांनी काहीही न करता, केवळ बाहेर राहून, त्या जमिनीला पुन्हा झाडी येऊ दिली. आठवड्यातले दोन दिवस प्रवेशद्वार बंदच असते, मुक्कामाला परवानगी नाही, आणि राखीव क्षेत्राचा मोठा हिस्सा आजही कोणासाठीच खुला नाही. त्या जोडप्याने बंद केलेल्या या दारापासून काही किलोमीटरवर असलेली मोंतेसुमा, मालपाईस, सांता तेरेसा ही गावे मात्र लाटांवर खेळणाऱ्यांच्या आणि बॅकपॅकिंगवाल्यांच्या आवडत्या वस्त्या झाली असून, तिथल्या जमिनींना मूळ रहिवाशांच्या आवाक्याबाहेरचे भाव आले आहेत. बंद राहिलेल्या रानाची कीर्तीच त्याच्याभोवतीच्या खुल्या जमिनीची किंमत वाढवते, हा या प्रश्नातला सर्वांत अवघड पेच आहे.

देशाच्या पातळीवरही तिसऱ्याच्या मोबदल्याचा प्रश्न टाळता आला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात कोस्टारिकाचा बहुतांश भूभाग वनाच्छादित होता. अमेरिकेला गोमांस निर्यात करण्यासाठी कुरणे वाढवायला स्वस्त कर्जे मिळत गेली आणि १९८० च्या दशकात वनाच्छादन सुमारे एक चतुर्थांशापर्यंत घसरले. आज ते पुन्हा निम्म्याहून अधिक आहे. मांसाचे घसरलेले भाव, राष्ट्रीय उद्याने आणि पर्यटनाचे उत्पन्न यांबरोबर १९९६ च्या वनकायद्याचाही त्यात वाटा आहे. त्या कायद्याने खासगी जमिनीवरील जंगल राखणाऱ्या मालकाला पर्यावरणसेवेचा मोबदला देण्याची व्यवस्था केली. पर्यावरणसेवा म्हणजे पाणी धरून ठेवणे, कार्बन शोषणे, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य जपणे, ही जंगलाकडून सर्वांना फुकट मिळणारी कामे. तिच्या मोबदल्याचा पैसा मुख्यतः इंधनावरील करातून येतो. म्हणजे रिमझिम पावसात हिरव्या डोंगराकडे पाहणाऱ्या जोडप्याच्या आनंदात राजधानी सान होसेच्या रस्त्यावर टॅक्सी चालवणाऱ्याच्या पेट्रोलचाही काही हिस्सा असतो. निसर्गाचा एकांत हा असा सार्वजनिक खर्चाने उभारलेला असतो.

किनाऱ्याची गोष्ट याहून नाजूक, कारण अरण्याला सीमा घालता येते, किनारा मात्र सर्वांचा असतो. १९७७ च्या सागरी पट्ट्याच्या कायद्यानुसार कोस्टारिकात भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा सरकारच्या मालकीचा आहे. त्यातले पहिले ५० मीटर निखळ सार्वजनिक, तिथे कुणाला कुंपण घालता येत नाही, आणि पुढचे १५० मीटर फक्त सवलतपत्राने वापरता येतात. किनारा मोकळा ठेवणारा हा कायदा जोडप्यांच्या वाळूवरच्या फेरफटक्याचाही जामीनदार आहे. पण मोकळीक म्हणजे वाट्टेल तसे वागणे नव्हे, हे निकोयाच्या ओस्तिओनाल किनाऱ्यावर दिसून आले. तिथे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासविणी ठरावीक रात्रींना हजारोंच्या संख्येने एकाच वेळी अंडी घालायला येतात. नंतर येणाऱ्या माद्या आधीची घरटी उकरून टाकत असल्याने पहिल्या दिवसांतली बरीच अंडी वाया जाणारच असतात. हे लक्षात घेऊन १९८७ पासून गावकऱ्यांना सुरुवातीच्या ठरलेल्या तासांत अंडी गोळा करून विकण्याची कायदेशीर मुभा मिळाली, आणि त्याच्या बदल्यात किनारा स्वच्छ ठेवणे, चोरी रोखणे, पिलांना शिकारी पक्ष्यांपासून वाचवणे ही कामे त्यांनी अंगावर घेतली. निसर्गप्रेमींना खटकणारी ही तडजोड टिकली, कारण तीत गावाचा स्वार्थ आणि कासवाचे हित एका दोरीत बांधले होते. उलट सप्टेंबर २०१५ मध्ये याच किनाऱ्यावर प्रवाशांची एवढी झुंबड उडाली की लोक पाण्यात उतरून कासवांच्या आड आले, काहींनी छायाचित्रासाठी मुलांना कासवांच्या पाठीवर बसवले, आणि अंडी घालायला आलेल्या कित्येक माद्या तशाच समुद्राकडे परतल्या. त्या गर्दीत प्रत्येक जण त्या दुर्मीळ क्षणाशी एकट्यानेच भिडायला आलेला होता. गावच्या वाटाड्यांची आणि मोजक्या पहारेकऱ्यांची संख्या अपुरी पडली एवढेच.

या तिसऱ्या माणसाला मोजावी लागणारी किंमत कधी कधी फार मोठी असते. कॅरिबियन बाजूच्या मोइन किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची राखण करणारा हायरो मोरा हा तरुण मे २०१३ मध्ये रात्रीच्या गस्तीवर असताना मारला गेला. किनारपट्टीवरच्या गावांचा त्रास असा रक्तरंजित नसला तरी रोजचा असतो. २००८ मध्ये सार्दिनाल या गावातील लोकांनी आपल्या भूजलाचे पाणी नळाने किनाऱ्यावरील पर्यटन प्रकल्पांकडे नेण्याला कडवा विरोध केला. कमी पैशांत राहणाऱ्या बॅकपॅकवाल्याला वाटते की आपण हॉटेलवाल्यांपैकी नाही, आपला भार हलका आहे. एका जोडप्यापुरते ते खरेही असेल. पण पाणी, कचरा आणि जमिनीचे भाव यांचा हिशेब जोडप्याजोडप्याने होत नाही, तो सगळ्यांचा मिळून होतो. आणि ज्या गावाला आज त्यांनी स्वस्त म्हणून निवडले, ते गाव महाग होण्याची सुरुवातही त्यांच्याच निवडीतून झालेली असते.

या मांडणीवर दोन आक्षेप घेता येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, वाटाडा, आरक्षण, शुल्क आणि मर्यादित प्रवेश यांनी साहस श्रीमंतांपुरते उरते. ज्या अल्प खर्चाच्या प्रवासाने सामान्य घरातल्या तरुण-तरुणींना जग दाखवले, त्याचाच गळा घोटला जातो. यात तथ्य आहे. देशी नागरिकांसाठी उद्यानांचे शुल्क परदेशी प्रवाशांपेक्षा बरेच कमी ठेवून कोस्टारिकाने त्याला अर्धे उत्तर दिले आहे; उरलेले अर्धे उत्तर असे की, स्वस्ताई ही बहुधा कोणाच्या तरी न दिलेल्या मजुरीतून किंवा न मोजलेल्या नुकसानीतून आलेली असते. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. तिसऱ्याला मान्यता देण्याच्या नावाखाली त्यालाही देखाव्याचा भाग करून टाकले जाते. स्थानिक माणूस हसतमुख वाटाडा किंवा रंगीत वेषातला यजमान एवढाच उरतो आणि त्याच्या जमिनीचे, पाण्याचे, मुलांच्या शिक्षणाचे प्रश्न पुन्हा चौकटीबाहेर जातात. हा धोका खरा आहे, आणि त्यावर उपाय प्रवाशांच्या सहृदयतेतून निघत नाही. तो गावाच्या हाती निर्णयाचा अधिकार असण्यातून निघतो. ओस्तिओनालची व्यवस्था आणि सार्दिनालचा विरोध यांतला समान धागा हाच, की तिथे गावाने पाहुण्यांची मर्जी राखण्याबरोबर किंवा ती मोडूनही आपला हक्क मांडला.

महाराष्ट्राला ही चर्चा परकी वाटण्याचे कारण नाही. सह्याद्रीतल्या गडकोटांवर फिरणाऱ्या पिढ्यांनी वाटाड्याला नेहमीच मान दिला. गावातल्या माणसाने दाखवलेली वाट, देवळातला मुक्काम आणि कुणाच्या घरची पिठले-भाकरी, हे भटकंतीचे अंगच मानले गेले. मराठी प्रवासवर्णनातही सपत्नीक प्रवास नवा नाही, पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मध्ये सुनीताबाईंसह केलेल्या आग्नेय आशियाच्या प्रवासात पानोपानी वावरतात ती भेटलेली माणसे. अलीकडे मात्र कोकणच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून एकांत शोधणाऱ्या जोडप्यांची वर्दळ वाढली आहे आणि बाली, थायलंड, व्हिएतनामकडे सॅक घेऊन निघणारी मराठी तरुण जोडपीही कमी नाहीत. त्यांच्यापुढे घरचाच एक आदर्श आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे, ओस्तिओनालला येणाऱ्या त्याच ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ मध्ये सुरू केले आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. प्रवासी गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या हातचे जेवतात आणि पिले समुद्राकडे सोडली जातात ती दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहतात. पूर्वी विकली किंवा खाल्ली जाणारी अंडी आता गावाला प्रतिष्ठा आणि उत्पन्न देतात. दोरीच्या अलीकडे थांबणे ही त्या अनुभवाची अट आहे.

तेव्हा दोघांच्या साहसाचे मोजमाप किती दुर्गम जागी पोहोचलो, किती कमी पैशांत निभावले आणि तिथे दुसरे कोणीच कसे नव्हते, या तीन कसोट्यांवर करणे आता सोडून द्यायला हवे, कारण तिन्ही कसोट्या तिसऱ्याला पुसूनच पूर्ण होतात. त्यांच्या जागी दुसऱ्या कसोट्या उभ्या करता येतात: ज्या वाटेने गेलो ती कोणी राखली हे ठाऊक होते काय, त्याचा मोबदला त्याच्यापर्यंत पोहोचला काय, आणि जी दारे बंद होती ती बंद असण्यातच आपल्या प्रवासाचे भले आहे हे पटले काय. या कसोट्या कोणाच्या आनंदावर विरजण घालीत नाहीत. झिमेलने दाखवल्याप्रमाणे दोघांच्या नात्याला तिसऱ्याची धास्ती वाटते, पण त्याच्यावाचून ते स्वतःच्याच भाराने वाकते. वर्षावनात आणि किनाऱ्यावर तिसऱ्याची ओळख झालेले जोडपे आपल्या एकांताला थोडे मुकते खरे, पण त्या मोबदल्यात त्याला पाहण्याची दृष्टी मिळते आणि त्याच्यानंतर येणाऱ्या जोडप्यांसाठी अरण्य व किनारा शिल्लक राहतो. वेसबेर्ग दांपत्याइतके मोल देण्याची अपेक्षा कोणाकडूनही करता येणार नाही. मात्र तिकीट काढण्यापूर्वी त्या भूमीत आपला तिसरा कोण असेल, तो कोणत्या अटींवर आपल्याला आत घेत आहे आणि त्या अटी त्याने स्वतः ठरवल्या आहेत की त्याच्यावर लादल्या गेल्या आहेत, एवढे शोधणे कुठल्याही जोडप्याच्या आवाक्यातले आहे. आणि अटी लादलेल्या आढळल्या तर तिथे न जाणे हाही प्रवासविषयक एक पूर्ण निर्णयच आहे.